न थांबणारा टाळ

सज्जनहो, दिंडी चालवायला काय लागते? पुष्कळांना वाटते, आवाज खणखणीत असला आणि शिस्त कडक असली की झाले. आम्हालाही एके काळी तसेच वाटत होते.

श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातली समाजआरती आपण पाहिली असेल. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास या सोहळ्याची घडी बसवली. पालखी तळावर येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालतो. चोपदारांनी चोप उंचावला की सारे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ वाजतच राहतात! तिला कोणी दटावीत नाही. चोपदार स्वतः तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात, समजूत घालतात. तोवर एवढा मोठा समाज उभा! मागितले ते मिळेलच असे नाही. पण ऐकून घेतल्यावाचून आरती नाही.

मात्र ज्यांच्या हाती टाळच नाही, त्यांचे काय?

एका वर्षी दिंडीची व्यवस्था आमच्याकडे होती. पुण्याहून सासवडची लांब मजल, त्यात दिवे घाट. डोईवर तुळस घेतलेल्या एक आजी सारख्या मागे पडत. आम्ही चारचौघांत बोललो, "आजी, झेपत नाही तर यायचं कशाला?" त्या गप्प राहिल्या. रात्री पंगतीत दिसल्या नाहीत म्हणून शोधले, तर तळपायाला चिंध्या गुंडाळत बसलेल्या. वहाण घाटाखालीच तुटली होती. "सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "माउली, तुमी इचारलंच न्हाई."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

तेव्हापासून आम्ही नेम केला. पहाटे निघताना दिंडीच्या शेवटच्या टोकापासून पुढे यायचे, वाटेत प्रत्येकाची चौकशी करायची. काही बोलायचे तर बाजूला घेऊन बोलायचे. मागे राहणाऱ्याच्या सोबत एक जाणता माणूस द्यायचा. शिस्त मोडली नाही. उलट माणसे आपणहून वेळेवर येऊ लागली.

आपण एकमेकांना माउली म्हणतो, पाया पडतो. वाकतोच आहोत, तर त्या पायांना फोड आले आहेत का, तेवढे पाहावे.

रामकृष्ण हरी.