अंगठा उठवण्याआधी : दोघांचा करार म्हणजे काय?



दसरा-दिवाळीच्या सुमारास जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या तालुक्यांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्यांत भिल्ल आणि पारधी वस्त्यांवरची कुटुंबेही असतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि कागदावर अंगठा उठतो. तो अंगठा नेमका कसल्या करारावर उठतो, हे आपल्याला वस्तीवर समजावून सांगता यावे म्हणून हा पाठ.

1. एकतर्फी वचन. उत्पत्ती 9 मध्ये देव नोहाशी करार करतो. जलप्रलयाने पृथ्वीचा पुन्हा नाश होणार नाही, या वचनाचा सगळा भार देव स्वतःवर घेतो. बदल्यात काही मागत नाही.

2. द्विपक्षीय करार. उत्पत्ती 21 मध्ये अब्राहाम व अबीमलेख बैर-शेबा येथे करार करतात. विहिरीची तक्रार आधी उघड बोलली जाते, सात कोकरी साक्ष म्हणून दिली जातात आणि दोघेही शपथ घेतात. म्हणजे बाजू दोन, बांधिलकीही दोन्हीकडून. आपला 1872 चा करार कायदाही मोकळी संमती मागतो. धाकाने किंवा फसवून संमती घेतली असेल, तर ज्याची फसवणूक झाली त्याला तो करार रद्द करून घेता येतो. उलट उदाहरण उत्पत्ती 31 मध्ये आहे. लाबानाने आपली मजुरी दहा वेळा बदलली, असे याकोब सांगतो. करार दोघांचा, पण अटी एकाच्याच हातात!

3. त्रिपक्षीय करार आणि लवाद. साखर कारखान्यातील कामगारांचे वेतन शासन, कारखानदार व कामगार संघटना अशा तिघांच्या समितीत ठरते. ऊसतोडीचे दर मात्र साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या बोलणीतून ठरतात. जानेवारी 2024 मध्ये या दरात 34 टक्के वाढ ठरली. बोलणी अडली तर दोघांनी मानलेला लवाद निवाडा देतो. तो करारातला तिसरा पक्ष नसतो.

4. करारांची साखळी. आपली माणसे इथेच अडकतात. सर्वसाधारणपणे कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी असतो. हे तीन वेगवेगळे द्विपक्षीय करार आहेत. मजूर ऊस तोडतो कारखान्याचा, पण त्याच्याजवळ कारखान्याचा कागद नसतो. अनेकदा मुकादमाशीही सारे तोंडीच ठरलेले असते. म्हणून वर ठरलेली वाढ खाली कोयत्यापर्यंत, म्हणजे राबणाऱ्या जोडीपर्यंत, पोचली की नाही हे हिशोबाच्या वहीतच पाहावे लागते.

5. जो करार नव्हेच. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचे नाही, गावी जायचे नाही, किंवा नाममात्र मजुरीवर राबायचे, अशी अट असेल तर ती वेठबिगारी होय. संविधानाचे कलम 23 तिला मनाई करते. 1976 च्या कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, मग कागदावर कितीही अंगठे असोत. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करावी.

वस्तीवर विचारायचे प्रश्न

- उचल किती? ती प्रत्यक्ष हातात किती पडली?
- टनाचा दर काय धरला आहे?
- आजारपणाचे व पावसाचे खाडे कसे धरणार?
- हंगामाअखेर बाकी निघाली तर काय करायचे ठरले आहे?
- कागद कोरा तर नाही? त्याची एक प्रत घरी आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतला की अटी नंतर एकच बाजू लिहिते. मंडळीतील ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी टोळ्या निघण्याआधी एक संध्याकाळ वस्तीवर द्यावी. कागद मोठ्याने वाचून दाखवावा, रकमा घरच्या वहीत उतरवून द्याव्यात आणि साक्षीदार म्हणून सही करावी. अब्राहामानेही साक्षीवाचून विहीर सोडली नव्हती.