विंचरणेचें पाणी आणि पूर्वसमुद्र

जामखेडपासून समुद्र दोन्ही बाजूंनीं फार दूर आहे. बालाघाटच्या डोंगरांत वसलेल्या या कमी पावसाच्या तालुक्यांतील पुष्कळ मुलांनीं समुद्र अद्यापि पाहिलेला नाहीं. यास्तव सागराचें प्रदूषण हा बंदरांतील व्यापाऱ्यांचा व कोळी लोकांचा प्रश्न आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु नकाशा पुढें घेऊन आपल्या नदीचा माग काढला म्हणजे हा समज टिकत नाहीं.

विंचरणा नदी सौताड्याच्या कड्यावरून खालीं उडी घेते, जामखेडजवळून वाहते व पुढें सीनेस मिळते. सीना सोलापूर जिल्ह्यांत हत्तरसंग-कुडल येथें भीमेंत मिसळते. भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते. आणि कृष्णा तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरांत शिरते. कृष्णेचा उगम महाबळेश्वरास, म्हणजे पश्चिम समुद्रापासून अवघ्या ६५ किलोमीटरांच्या सुमारास आहे; तरी तिचें पाणी सुमारें १,४०० किलोमीटर चालून पूर्वसमुद्र गांठतें. तेव्हां जामखेडच्या ओढ्यांत जें पडतें, त्याची वाट अखेर त्या सागराकडेच जाते.

नदी समुद्रास पाण्याबरोबर दोन प्रकारच्या वस्तु देते : एक गाळ, व दुसऱ्या पाण्यांत विरघळलेले क्षार. गाळ मुखाशीं सांचून त्रिभुज प्रदेश तयार होतो. कृष्णेच्या अशा गाळावर खारफुटीचीं वनें उभीं आहेत. हीं झाडें खाऱ्या चिखलांत वाढतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यांत मासे, खेकडे व कोळंबी यांचीं पिलें आश्रय घेतात, आणि दाट वनामुळें लाटांचा जोर मोडतो. हें संरक्षण लहानसहान नव्हे. १९७७ च्या नोव्हेंबर महिन्यांत कृष्णेच्या मुखाशीं दिवी भागांत चक्रीवादळ झालें, तेव्हां समुद्राची लाट आंत घुसून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं.

आतां मनुष्याच्या कृतीनें या व्यवस्थेंत काय फरक पडला, तें पाहूं. विजयवाड्याचें प्रकाशम् धरण १९५७ सालीं झालें. नागार्जुनसागराचे कालवे १९६७ सालीं वाहूं लागले. त्यानंतर श्रीशैलमचें धरण झालें. या धरणांनीं लक्षावधि एकर जमीन भिजविली. त्यांची निंदा करणें हा कृतघ्नपणा होईल. तथापि स्थिर पाण्यांत गाळ तळाशीं बसतो. आपल्या शेतांतून वाहून गेलेली माती धरणांचें पोट भरते, आणि नव्या गाळावांचून त्रिभुज प्रदेशाची जमीन खचत जाऊन समुद्र किनारा कुरतडूं लागतो. उलट पाण्यांत विरघळलेल्या पदार्थांस धरणाची भिंत अडवूं शकत नाहीं. सारांश, गाळ अडतो आणि विष वाहतें.

हें विष तरी कोणतें ? पिकास घातलेल्या युरियाचा जो अंश पीक घेत नाहीं, तो पावसाबरोबर ओढ्यांत उतरतो. गांवचें मैलापाणी त्यांत मिळतें. या दोहोंतील नत्रावर समुद्रांत सूक्ष्म शेवाळ माजतें. तें मरून कुजूं लागलें म्हणजे कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात, आणि मासे व तळचे जीव गुदमरतात. बंगालच्या उपसागरांत सुमारें १०० ते ४०० मीटर खोलीच्या थरांत प्राणवायु अगोदरच अत्यल्प आहे. तेथें वरून आणखी सडणारा माल पडत राहणें किती घातक, हें सांगावयास नको.

प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. तें कुजत नाहीं, केवळ तुटून बारीक होतें. समुद्रांतील कासव तरंगती पिशवी जेलीमासा समजून गिळतें व प्राणास मुकतें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं अशा पिशव्यांवर बंदी आली. पण बंदी पाळणें हें लोकांच्याच हातीं असतें.

किनाऱ्यावरही मनुष्याचा लोभ कमी नाहीं. इ. स. १९९० नंतर आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीचे तलाव खणण्याकरितां खारफुटी तोडण्यांत आली. ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नियमन-क्षेत्रांतील असले तलाव काढून टाकण्याचा हुकूम दिला. पुढें २००५ च्या कायद्यानें हा धंदा सरकारी प्राधिकरणाच्या परवान्याखालीं आला.

मग आपण जामखेडकरांनीं काय करावें ? दूरचीं धरणें व किनारे आपल्या हातीं नाहींत. पण प्रवाहाचा आरंभ आपल्या हातीं आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं येथें सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्याच्या कार्यांत झाडें लावणें व पाणी मुरविणें यांसही स्थान मिळालें, कारण माणसाचें आरोग्य मातीपाण्यावर अवलंबून आहे. बांध घातला म्हणजे माती व तिजबरोबर खतही शेतांतच राहतें. मातीची परीक्षा करून खत घातलें म्हणजे पैसा वांचतो व ओढा निर्मळ राहतो. मैलापाणी शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये, हा आग्रह नागरिकांनीं धरला पाहिजे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, भूगोलाच्या पुस्तकांत नदीचा उगम व मुख आपण पाठ करतों. त्यांच्या मधल्या वाटेवर आपलें गांव आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. हंसलदीवीचा कोळी आपणांस ओळखत नाहीं. परंतु त्याच्या जाळ्यांत काय येतें, तें कांहीं अंशीं आपण विंचरणेंत काय टाकतों यावर ठरतें.