मटणाचा उतारा : हाडासकट गोश्ताचे वजन आणि उष्मांकांचा खरा हिशेब

अकोल्याच्या बाजारात कापूस आणणारा शेतकरी आणि तो घेणारा व्यापारी या दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शंभर किलो कापूस म्हणजे शंभर किलो रुई नव्हे. जिनमधून काढल्यावर रुई साधारण एकतृतीयांश निघते, उरते ती बहुतेक सरकी. म्हणून जाणकार माणूस वजनाबरोबर रुईचा उतारा विचारतो. डाळ मिलमध्ये तुरीच्या डाळीचाही उतारा पाहिला जातो. मात्र ज्या धंद्यावर आमच्या कितीतरी कुरैशी बांधवांची, भटाऱ्यांची आणि खानावळवाल्यांची रोजी चालते, त्या गोश्ताच्या धंद्यात उताऱ्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. किलोभर तोलले, बांधून दिले, पैसे घेतले, की व्यवहार संपला.

आता गिऱ्हाईक बदलले आहे. कोणाला मधुमेह आहे, कोणाला वजन उतरवायचे आहे, कोणी तालमीत जातो आणि रोजची प्रथिने मोजतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर डॉक्टर प्रथिने मोजूनच खायला सांगतात. असा माणूस दुकानात येऊन विचारतो, "भाई, एक किलोत गोश्त किती आणि हड्डी किती?" त्याला हसून वाटेला लावणे सोपे आहे. पण त्याच्या प्रश्नामागे त्याची तब्येत आहे. त्याला बरोबर उत्तर कसे द्यावे आणि हाडासकट मांसाचे उष्मांक, म्हणजे लोक ज्याला कॅलरी म्हणतात त्या, कशा मोजाव्यात, हे या पाठात आम्ही पाहणार आहोत.

तक्ता कशाचा असतो?

आपल्या देशात अन्नाच्या पोषणमूल्यांचे तक्ते हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तयार करते. तिच्या जुन्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या तक्त्यात शेळीच्या बिनचरबीच्या 100 ग्रॅम मांसात 21.4 ग्रॅम प्रथिने, 3.6 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 118 उष्मांक दिले आहेत. मेंढीच्या मांसासाठी हेच आकडे 18.5 ग्रॅम, 13.3 ग्रॅम आणि 194 उष्मांक असे आहेत. 2017 मध्ये संस्थेने 528 पदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले.

हे आकडे कच्च्या मांसाचे आहेत आणि खाण्याजोग्या भागाचे आहेत. त्यात हाड धरलेले नाही. चूक येथेच होते. गिऱ्हाईक हाडासकट एक किलो मटण नेते, तक्त्यात 118 पाहते, दहाने गुणते आणि 1180 उष्मांक लिहून मोकळे होते. समजा त्या किलोत 250 ग्रॅम हाड होते. मग मांस 750 ग्रॅमच, आणि उष्मांक 885. म्हणजे 295 उष्मांक कागदावर चढले, पोटात गेलेच नाहीत. प्रथिनेही 214 ग्रॅम लिहिली गेली, प्रत्यक्षात मिळाली सुमारे 160 ग्रॅम. ताकदीसाठी प्रथिने मोजणाऱ्या आजारी माणसाला हा फरक लहान नाही.

दुकानातला उतारा कसा काढावा?

उतारा सगळीकडे सारखा नसतो. रानेत मांस जास्त निघते, सीना, चाप आणि गर्दन यांत कमी. चांगल्या पोसलेल्या बोकडाचा उतारा चांगला, हडकुळ्याचा कमी. आपल्या वऱ्हाडातल्या बेरारी जातीच्या बोकडाचा उतारा बाहेरून आलेल्या मोठ्या जनावरासारखाच येईल, असेही धरून चालू नये. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यापेक्षा आपल्या दुकानातला आपणच काढावा. पद्धत सोपी आहे.

पहिले, रोज विकतो तसेच मिश्र एक किलो मटण तोलावे. दुसरे, सुरीने मांस सोडवून हाडे वेगळी करावीत आणि दोन्ही निरनिराळी तोलावीत. दोन्हींची बेरीज किलोच्या जवळ आली पाहिजे. फार कमी भरली तर काटा किंवा हात कुठेतरी चुकला. तिसरे, छिछडे आणि वरची जाड चरबीही वेगळी तोलून लिहावी. चौथे, हेच काम निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या जनावरांवर निदान तीनदा करावे आणि सरासरी काढावी. समजा तीन वेळा मांस 740, 760 आणि 750 ग्रॅम भरले, तर उतारा 75 टक्के. रान आणि सीना यांचे आकडे वेगळे ठेवले तर आणखी उत्तम.

या कामात सोडवलेले मांस वाया जात नाही, ते बिनहाडाचे म्हणून विकले जाते. भाव ठरवतानाही हाच उतारा कामी येतो. हाडासकट भाव 700 रुपये आणि उतारा 75 टक्के असेल, तर नुसते मांस 933 रुपये किलोला पडते. हाडे यखनीसाठी वेगळी विकली गेली नाहीत, तर बिनहाडाचे मटण 850 ला देणारा दुकानदार मेहनत करून तोटा घेत असतो. अनेकांना हा तोटा वर्षाअखेरीस कळतो, आणि कारण तेव्हाही कळत नाही.

काटा आधी तपासा

काटाच खोटा असेल तर पुढचा सगळा हिशेब खोटा. वैध मापन शास्त्र कायदा, 2009 हा 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. त्याखालील नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर 12 महिन्यांनी आणि साध्या तराजूची व वजनांची दर 24 महिन्यांनी करून मोहर घ्यावी लागते. पण मोहर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. काटा सपाट जागी ठेवावा, थेट पंख्याखाली ठेवू नये, आणि प्रत्येक वेळी शून्य दिसल्यावरच माल ठेवावा. कागद, पिशवी किंवा भांडे यांचे बारदान वजा करावे. जुन्या तराजूत पासंग राहणार नाही, हे सकाळी दुकान उघडतानाच पाहावे.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पट्टीवर कमाल वजनाबरोबर किमान वजनही छापलेले असते. पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या दुकानी काट्याचे किमान वजन सहसा 100 ग्रॅम असते. त्याखालचा माल त्यावर भरवशाचा तोलला जात नाही. म्हणून ताटातली 60 ग्रॅम हाडे दुकानच्या काट्यावर तोलू नयेत. त्यासाठी एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्यावा.

पाण्याचे वजन

धुतलेले मांस पाणी धरते. धुतल्यावर लगेच तोलले तर पाणीही मांसाच्या भावाने विकले जाते आणि तक्त्यात मांस म्हणून मोजले जाते. दहा मिनिटे चाळणीत निथळू द्यावे, मग तोलावे. येथे एक प्रसिद्ध हदीस आठवल्याशिवाय राहत नाही. पैगंबर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालतात, तर आतला भाग ओला लागतो. पाऊस लागला, असे विक्रेता सांगतो. तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे ते विचारतात आणि फसवणूक करणारा आपल्यातला नसल्याची ताकीद देतात. त्या विक्रेत्याचा ढीग धान्याचा होता, आमचा गोश्ताचा आहे, एवढाच फरक.

घरी आणि खानावळीत

घरी मांस सोडवून कोणी शिजवत नाही, कारण हाडाशिवाय सालनाला चव नाही. तेथे उलटा हिशेब करावा. कच्चे मटण हाडासकट तोलून लिहून ठेवावे. जेवण झाल्यावर सर्वांची चोखलेली हाडे गोळा करून, रस्सा पुसून तोलावीत आणि आधीच्या वजनातून वजा करावीत. शिजलेले हाड कच्च्यापेक्षा थोडे हलके होते, म्हणून मांस किंचित जास्त भरेल. पण हाडासकट मोजण्यापेक्षा हा आकडा कितीतरी खरा. नळीतला मगज खाल्ला असेल तर तो खाल्ल्यातच मोजला गेला, हे योग्यच आहे. फक्त तो जवळजवळ चरबीच असल्याने त्याचे उष्मांक मांसापेक्षा पुष्कळ जास्त.

शिजलेल्या मांसाच्या वजनाला कच्च्या मांसाचा आकडा मात्र कधीही लावू नये. शिजताना पाणी आणि चरबी निघून मांसाचे वजन साधारण पाव भागाने घटते. म्हणजे 100 ग्रॅम शिजलेले मांस हे सुमारे 130 ग्रॅम कच्च्या मांसाचे झालेले असते.

खानावळवाल्यांनी पूर्ण पातेल्याचा हिशेब करावा. समजा बिनचरबीचे एक किलो मटण, उतारा 75 टक्के, म्हणून 885 उष्मांक. त्यात 100 ग्रॅम तेल पडले. एका ग्रॅम तेलाला 9 उष्मांक, म्हणजे 900. येथे थांबून पाहण्यासारखे आहे : एका वाटीतल्या तेलाने किलोभर मटणालाही मागे टाकले! कांदा-मसाल्याचे 100 धरले तर एकूण 1885 उष्मांक. पातेले भरून तोलले आणि रिकाम्या पातेल्याचे बारदान वजा केले, तेव्हा सालन 1600 ग्रॅम भरले. त्यातली हाडे 220 ग्रॅम. खाण्याजोगे उरले 1380 ग्रॅम, म्हणजे दर 100 ग्रॅमला सुमारे 137 उष्मांक. एखाद्याने 300 ग्रॅम घेतले आणि ताटात 60 ग्रॅम हाडे ठेवली, तर त्याने 240 ग्रॅम खाल्ले, सुमारे 328 उष्मांक. ज्याने वरची तर्री जास्त घेतली, त्याचा आकडा यापेक्षा चढेल.

आमच्या साध्या खानावळींवर उष्मांक लिहिण्याची सक्ती नाही. परंतु 2020 च्या अन्न लेबल नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना ते पदार्थाबरोबर दाखवावे लागतात. तेथे जेवणारा माणूस उद्या तोच प्रश्न आपल्या गल्ल्यावर विचारणार आहे. उत्तर तयार असलेले बरे.

चरबी विसरू नका

वरचे आकडे पुन्हा पाहा. हाड मोजायचे विसरल्याने किलोमागे 295 उष्मांकांची चूक झाली. पण तेच 750 ग्रॅम मांस 118 ऐवजी 194 च्या प्रतीचे, म्हणजे चरबीचे असेल, तर उष्मांक 1455 होतात. फरक 570 चा. म्हणून आजारी गिऱ्हाइकाला हाड किती हे सांगताना चरबी किती हेही सांगावे. खिम्यात तर चरबी डोळ्यांना दिसतही नाही. तेथे मांस गिऱ्हाइकासमोर निवडून, तोलून, मगच यंत्रात घालावे.

शेवटी

हाडासकट विकण्यात काही गैर नाही. हा सर्वांना माहीत असलेला रिवाज आहे आणि भावही त्याच हिशेबाने ठरलेला असतो. गैर आहे ते वजन भरण्यासाठी वेगळे हाड किंवा छिछडे हळूच टाकणे, आणि विचारल्यावर अंदाजाने काहीतरी ठोकून देणे. कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनचे नावच मापात कमी देणाऱ्यांवरून पडले आहे, आणि हजरत शुऐब (अलै.) यांच्या कौमला मिळालेली ताकीदही मापातोलाबद्दलचीच होती. त्या काळी गिऱ्हाइकाचा पैसा बुडत असे. आज चुकीच्या वजनावर एखाद्या रुग्णाचे पथ्यही अवलंबून असते.

तेव्हा येत्या जुम्यापूर्वी एक किलो मटण सोडवून पाहावे, आकडा वहीत लिहावा आणि दुकानात दिसेल असा लावावा : "आमच्या मटणात किलोमागे मांस इतके, हाड इतके." सुरुवातीला लोक हसतील. मग विश्वासाने येतील, आणि इन्शाअल्लाह त्या तोलात बरकतही येईल.