चिनी अक्षरातील घोडा

चिनी अक्षर म्हणजे चित्र, ही समजूत तौलनिक साहित्याभ्यासात रुजली ती मुख्यतः एर्नेस्ट फेनोलोसाच्या निबंधामुळे. एझरा पाउंडने तो १९१९ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केला. ‘मा’ (आई) हे अक्षर गिरविणाऱ्यास या समजुतीची अडचणच होते. डावीकडे ‘स्त्री’, उजवीकडे ‘घोडा’. चित्रे म्हणून वाचल्यास मातेच्या कष्टांचे रूपकच हाती लागावे! वस्तुतः घोडा येथे उच्चारापुरता आला आहे. त्याचाही उच्चार ‘मा’च, केवळ सूर निराळा. स्त्रीचिन्ह अर्थाचे क्षेत्र सुचविते. बहुसंख्य चिनी अक्षरांची घडण अशीच असून, इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या शू शनच्या कोशात हा वर्ग स्वतंत्रपणे सांगितला आहे. तेव्हा अनुवादकाने प्रत्येक अक्षर फोडून आतील ‘चित्र’ कवितेत आणणे, हे कवीने न योजिलेले रूपक त्याच्या माथी मारणे होय.

हाताला कळते ते याहून सूक्ष्म. स्त्रीचिन्ह स्वतंत्र असता त्याची अखेरची रेघ आडवी असते. डावा घटक होताच ती उजवीकडे वर चढते व शेजारच्या चिन्हास जागा देते. तैवानमध्ये या अक्षरास आजही १३ रेघा लागतात. चीनमध्ये १९५० च्या दशकातील सुलभीकरणानंतर ६. त्यात घोड्याचे चारही पाय एका रेघेत विरले, उच्चार सुचविण्याचे त्याचे काम मात्र चालूच आहे.