व्हिडिओ बघा, पण थांबवून

“सर, कोणता व्हिडिओ कोर्स घेऊ?” नेटवर्किंगकडे वळू पाहणारी पोरं मला सगळ्यात आधी हेच विचारतात. पुस्तक कोणतं, नोकरी कुठे लागते, हे प्रश्न मागून येतात. मी नागपुरात नेटवर्क सपोर्टचं काम करतो आणि रविवारी नंदनवनातल्या घरी काही पोरांना सीसीएनएच्या तयारीला बसवतो. वर्धा, उमरेड, भंडारा अशा गावांहून इथे खोली करून राहिलेली ही पोरं. परसोडीच्या आयटी पार्कात नाहीतर मिहानमध्ये कुठेतरी शिरकाव व्हावा, एवढीच त्यांची धडपड. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून काढतो आहे.

आधी पैशाचं बोलू. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची फी ३०० डॉलर. रुपयांत करासकट हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. पास झालात तरी प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षं. ज्या घरात एवढी रक्कम जमवायला काही महिने लागतात, तिथे ‘एकदा देऊन तर पाहू’ हे परवडत नाही. म्हणून तयारी झाली आहे की नुसती झाल्यासारखी वाटते आहे, हे फी भरण्याआधीच कळलं पाहिजे. व्हिडिओचा खरा धोका इथेच आहे, कारण तयारी झाल्यासारखं वाटायला लावण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा आला. इंजिनिअरिंग संपलेलं, बोलायला चटपटीत. एका नामांकित मालिकेचे सगळे भाग त्याने बघून संपवले होते, त्यातले बरेचसे दुप्पट वेगाने. मी टेबलावर दोन जुने राऊटर जोडून ठेवले होते, त्यांना आयपी पत्तेही देऊन ठेवले होते. म्हटलं, “या दोघांत ओएसपीएफ चालव.” पोराची बोटं झरझर चालली. राऊटर आयडी, नेटवर्क, वाइल्डकार्ड मास्क, एरिया शून्य, एकही कमांड चुकली नाही. पिंग मारलं, तर पिंगही गेलं. मग ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ दिलं, तर यादी रिकामी. त्याने सगळं पुसलं आणि तेच पुन्हा टाइप केलं. यादी पुन्हा रिकामी. मग हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. “व्हिडिओत तर होऊन राहिलं होतं सर, इथंच काऊन नाही होत?”

गोम पत्त्यांत होती. एका बाजूला १०.१.१.१/३० आणि दुसऱ्या बाजूला १०.१.१.२/२९. दोन्ही पत्ते एकमेकांच्या आवाक्यात बसतात, म्हणून पिंग बिनदिक्कत जातं. पण इथरनेटवर ओएसपीएफ हा राऊटिंग प्रोटोकॉल आपल्या हॅलो पॅकेटमध्ये मास्कही पाठवतो, आणि समोरच्याचा मास्क जुळला नाही तर ते पॅकेट गुपचूप टाकून देतो. तशीच अट हॅलो आणि डेड टायमरची. हे टायमर इथरनेटवर मुळात १० आणि ४० सेकंदांचे असतात. एका बाजूने कोणी बदलले की नेबर अप होत नाही. एरिया क्रमांकाचंही तेच. जॉन मॉय यांनी लिहिलेल्या १९९८ च्या आरएफसी २३२८ या प्रमाणभूत दस्तऐवजात हे सगळं नोंदलेलं आहे, आणि वेंडेल ओडम यांच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकात नेबर होण्यासाठी काय काय जुळलं पाहिजे याचा तक्ता दिला आहे. तो तक्ता शेजारी ठेवून दोन्हीकडे ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ दिलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मुलगा कच्चा होता असं नाही. शिकवणाऱ्याचा राऊटर बिघडलेला नसतो, एवढंच. व्हिडिओत टोपोलॉजी आधीच तपासून ठेवलेली असते, फसलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात, आणि कमांड दिली की अपेक्षित तेच पडद्यावर उमटतं. बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाही आलं.

या वाटण्यावर संशोधनही झालं आहे. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये सहा प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. डार्ट फेकणं, मूनवॉक, एक ऑनलाइन खेळ, असल्या गोष्टींचे व्हिडिओ लोकांना कधी एकदा, कधी पुन्हा पुन्हा दाखवले. जितकं जास्त बघितलं तितकी ‘मला जमेल’ ही खात्री वाढली; प्रत्यक्ष करायला लावल्यावर कौशल्यात मात्र फरक पडलेला नव्हता. त्यातला एक प्रयोग आपल्या फार कामाचा आहे. बाटलीच्या आकाराच्या पिना हवेत उडवून झेलण्याचा, म्हणजे जगलिंगचा, व्हिडिओ बघितल्यावर लोकांच्या हातात त्या पिना नुसत्या धरायला दिल्या, तर तेवढ्यानेही फाजील आत्मविश्वास उतरला. कन्सोल केबल हातात घेतली की आमच्या पोरांचंही हेच होतं.

आता कोणी म्हणेल, मग व्हिडिओ सोडून पुस्तकालाच चिकटावं. तसली पोरंही मी पाहिली आहेत. ओएसपीएफच्या अटी धडाधड म्हणून दाखवतील, पण यूजर मोडमध्येच बसून कमांड मारत राहतील आणि राऊटर का ऐकत नाही म्हणून डोकं धरतील. प्रत्येक साधनाची ताकद वेगळी आहे.

स्विचांमधला लूप रोखणाऱ्या स्पॅनिंग ट्रीचंच घ्या. रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास रचलेली ही युक्ती आजही अभ्यासक्रमात ठाण मांडून आहे. पुस्तक सांगतं की जुन्या पद्धतीत पोर्ट लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद घालवतो, आणि ते का, हेही समजावून देतं. व्हिडिओ दाखवतो की लूप झाला तर फ्रेम कशा गरगरतात आणि एक पोर्ट अडवला की सगळं कसं शांत होतं. स्थिर आकृतीतून हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. आणि खऱ्या स्विचमध्ये केबल खोचली की दिवा नारिंगी राहतो, तुम्ही ताटकळत बसता, आणि तीस सेकंद म्हणजे किती हे कळतं. ऑफिसात कोणी “कॉम्प्युटर चालू केला की नेट उशिरा येतं” म्हणालं, तर ही वाट बघणं टाळणारी पोर्टफास्ट सेटिंग आठवायला हवी. ती ताटकळलेल्या माणसालाच पटकन आठवते.

पॅकेट एका राऊटरवरून दुसऱ्यावर जाताना मॅक पत्ते दर टप्प्याला बदलतात आणि आयपी पत्ते तेच राहतात, हेही व्हिडिओत किंवा पॅकेट ट्रेसर या सॉफ्टवेअरच्या सिम्युलेशनमध्ये एकदा बघितलं की पक्कं बसतं. याउलट अटी, अपवाद, तक्ते, आकडे यांसाठी पुस्तकाला तोड नाही. पाऊण तासाच्या व्हिडिओत नेमकं एक वाक्य शोधायचं म्हणजे मागे-पुढे सरकवत बसणं आलं. पुस्तकात शेवटची सूची उघडली की पान सापडतं.

माझ्याकडे जो क्रम पोरांना लागू पडला, तो असा. नवा विषय घेतला की आधी पुस्तकातलं प्रकरण वरवर चाळा: मथळे, आकृत्या, शेवटचे मुद्दे. आपल्याला काय कळत नाही याची खूण डोक्यात राहते. मग व्हिडिओ लावा आणि शिकवणारा एंटर दाबण्याच्या आधी थांबवा. आता पडद्यावर काय येईल, ते वहीत लिहा. मग पुढे सरका. अंदाज बरोबर आला तर उत्तम. चुकला तर ती जागा तुमची. वीस मिनिटांचा भाग असा बघायला सहज तासभर लागतो, आणि लागू द्या. दुप्पट वेगाने बघायचंच असेल तर उजळणीच्या वेळी बघा.

त्यानंतर व्हिडिओ बंद. चालू ठेवून, बघून बघून टाइप करणं म्हणजे शुद्धलेखन उतरवून काढणं. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीतर्फे मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. कोरी फाइल उघडा, व्हिडिओतले पत्ते वापरू नका, आपले घ्या. चाललं की मित्राला म्हणा, “आता यात काहीतरी बिघडव, पण मला सांगू नको.” मास्क बदल, एखादा इंटरफेस शटडाऊन कर, ट्रंकवरून एक व्हीलॅन काढून टाक. मग शोधा. सापडलं नाही तर व्हिडिओकडे जाऊ नका. पुस्तकातलं प्रकरण आता नीट, ओळ न् ओळ वाचा. अडलेल्या माणसाचं वाचन निराळंच असतं.

दुसऱ्या दिवशी काहीही उघडण्याआधी कोऱ्या पानावर कालचा विषय आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग याच गोष्टीचा आहे. एक उतारा काहींनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

सबनेटिंगला तर याशिवाय गत्यंतर नाही. १९२.१६८.१०.७०/२६ हा पत्ता कोणत्या सबनेटमधला? मास्कचा शेवटचा आकडा १९२, २५६ मधून वजा केला की ६४. म्हणजे सबनेट ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होणार. ७० हा ६४ च्या सबनेटमध्ये, ब्रॉडकास्ट १२७, यंत्रांना देण्याजोगे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२. वाचताना सोपं वाटलं ना? आता १७२.१६.४५.२००/२१ स्वतः काढा. जिथे पेन अडेल, तिथे तुमचा सराव कमी आहे.

जमलं तर एखादा जुना राऊटर किंवा स्विच हाताळायला मिळवा, चार जणांत मिळून घ्या. सॉफ्टवेअर न शिकवणाऱ्या गोष्टी तो शिकवतो. मे महिन्याच्या दुपारी कूलर घरघरत असतो, तुम्ही दोन तास खपून कॉन्फिगरेशन उभं केलेलं असतं, आणि लाइट जाते. परत आल्यावर राऊटर कोरा. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड व्हिडिओत दहा सेकंदांत उरकलेली असते. नागपूरच्या उन्हाळ्यात शिकलेला माणूस ती जन्मात विसरत नाही.

काय वापरायचं यावर फार घोळ घालू नका. जेरेमीज आयटी लॅबची सीसीएनए मालिका यूट्यूबवर मोफत आहे, सोबत लॅब आणि फ्लॅशकार्डही मिळतात. पुस्तकांत ओडम यांचे दोन खंड. एक मालिका, एक पुस्तक, पुरे. चार कोर्स अर्धे बघितलेला पोरगा एक पूर्ण केलेल्याच्या मागेच राहतो. मात्र कुठलीही वस्तू घेताना परीक्षेचा क्रमांक बघा. सध्याची परीक्षा २००-३०१. ती फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ आवृत्ती लागू आहे. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांत किंवा मित्राच्या पेनड्राइव्हवर येणारे कोर्स बरेचदा २०२० च्या आधीचे असतात. त्यात फ्रेम रिले आणि ईआयजीआरपीवर तासन्‌तास खर्ची पडतात आणि वायरलेस, ऑटोमेशनचा मागमूस नसतो. १.१ मध्ये पपेट आणि शेफ गेले, टेराफॉर्म आलं. सिस्कोच्या संकेतस्थळावरून विषयांची यादी छापून भिंतीवर लावा. आयपी कनेक्टिव्हिटीला सर्वाधिक २५ टक्के वजन आहे, ऑटोमेशनला १०. वेळही त्याच मापाने द्या.

डम्प्सबद्दल एवढंच सांगतो. ‘शंभर टक्के पास’ म्हणत प्रश्नोत्तरांची फाइल विकणारे प्रत्येक शहरात आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यात उत्तरं चुकीची असतात, प्रश्न जुने असतात, आणि सिस्कोच्या लक्षात आलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय आता परीक्षेत प्रत्यक्ष कमांड द्यायच्या लॅबही येतात. आणि मुलाखत घेणारा समोर एक बिघडलेलं नेटवर्क ठेवतो, तेव्हा फाइलमधलं उत्तर कामाला येत नाही.

मराठी शाळेतून आलेल्या पोरांना आणखी एक सांगणं. परदेशी शिक्षकाचे उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातात, मग पोरं हिंदी व्हिडिओ शोधतात. शोधा, संकल्पना कळायला काहीच हरकत नाही. समजलेलं मित्राला आपल्या बोलीत समजावून सांगा, त्यासारखी उजळणी नाही. पण परीक्षा इंग्रजीत आहे, १२० मिनिटांची आहे, आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. लांबलचक प्रश्न एकदाच वाचून नेमकं काय विचारलंय ते हेरायचं असतं. ही सवय इंग्रजी पुस्तक रोज चार-पाच पानं वाचूनच लागते. कॅप्शन लावून बघितलेला व्हिडिओ इथे फार तर कुबडी होईल.

राहिला फी कधी भरायची हा प्रश्न. मालिका संपली म्हणून भरू नका, पुस्तक संपलं म्हणूनही नको. मित्राने बिघडवलेल्या लॅबसमोर बसा आणि कीबोर्डला हात लावण्याआधी तोंडाने सांगा: आधी काय तपासणार, त्यात काय दिसायला हवं, आणि तसं दिसलं नाही तर पुढे कुठे बघणार. राऊटिंग, व्हीलॅन, नॅट, अ‍ॅक्सेस लिस्ट, प्रत्येकासाठी हे जमलं की खुशाल भरा. एखाद्या विषयात जीभ अडखळली, तर तीस हजार बँकेतच राहू द्या आणि त्या प्रकरणाकडे परत जा.