सायकलीची नाडीपरीक्षा

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चिकलठाणा हे गाव आहे. शहराचा विमानतळ आणि एक मोठी औद्योगिक वसाहत या दोहोंनाही या गावाचेच नाव मिळाले आहे. एके काळी शहराबाहेर असलेले हे गाव आता शहरातच मिसळून गेले आहे. गावाच्या नावात चिखलाचा भास होतो, आणि पावसाळ्यात येथील काळी माती तो भास खराही करून दाखवते. वसाहतीतील कारखाने सुरू झाल्यानंतर पाळी भरण्याच्या वेळी या रस्त्याने कामगारांच्या सायकली रांगेने जाताना दिसत. आता त्यांची जागा मोटारसायकलींनी घेतली आहे. तरीही एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर भिंतीला टेकलेली उंच, काळी सायकल अजून दृष्टीस पडते.

अशाच एका घरातील ही हकिगत आहे. घरातील आजोबा तीस वर्षे एका कारखान्यात यंत्रावर काम करून निवृत्त झाले होते. घरची सर्व माणसे त्यांना आबा म्हणत. त्यांची सायकल आता त्यांची सातवीतील नात शाळेला जाण्यासाठी वापरत असे. शाळा चार किलोमीटर दूर होती. पायी जाणे फार होई, आणि रोजचे रिक्षाभाडे घराला परवडणारे नव्हते.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस सायकल बोलू लागली. प्रथम ‘चूंचूं’ असा बारीक आवाज येई. मग त्यात ‘खडखड’ मिसळली, आणि काही दिवसांनी ‘टक्, टक्’ असा एक कोरडा ठोका ऐकू येऊ लागला. गल्लीच्या टोकाला सायकल वळली की ती घरी आल्याचे स्वयंपाकघरात कळे. वडील एके दिवशी कंटाळून म्हणाले, “आता ही सायकल पुरे झाली. रविवारी भंगारवाला आला की देऊन टाकू.”

मुलगी काही बोलली नाही. तिने स्वयंपाकघरातील तेलाची वाटी आणली आणि दिसेल त्या फटीत तेल सोडले. दुसऱ्या दिवशी ‘चूंचूं’ थांबली, पण ठोका होता तसाच राहिला. शिवाय तेलावर धूळ बसून साखळी काळ्या चिखलाने माखली. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार झाला.

आबांनी हे सर्व ओसरीवरून पाहिले होते. त्यांची दृष्टी मंद झाली होती, हात कापत होते. पाना हातात धरणे त्यांना आता जमत नसे. ते म्हणाले, “पोरी, वैद्य आधी काय करतो? औषध देतो की नाडी बघतो?”

“नाडी बघतो, आबा.”

“मग वही आण. आवाज कोठून येतो हे मला सांगू नकोस. आवाज केव्हा येतो, तेवढे लिही.”

या सांगण्यात मोठे मर्म होते. आवाज कोठून येतो हे ओळखण्यात कान सहज फसतात. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. पोलादातून तो पाच हजार मीटरांहून अधिक जातो. सायकलीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. मागच्या चाकाजवळ उठलेला आवाज त्या नळ्यांतून क्षणात सर्वत्र पसरतो आणि बसणाऱ्यास तो हँडलातून आल्यासारखा वाटतो. जागेचा पत्ता असा लबाडी करतो. वेळेचा पत्ता मात्र खरा निघतो.

मुलगी सायकल घेऊन घरामागच्या मोकळ्या रस्त्यावर गेली. पायडल मारताना ठोका येत होता. वेग आल्यावर तिने पाय स्थिर ठेवले आणि सायकल आपोआप धावू दिली. ठोका बंद! म्हणजे चाके, मडगार्ड, ब्रेक यांचा दोष नव्हता. पाय थांबले तरी चाके फिरतच असतात. मग ती सीटवरून उठून, पायडलांवर उभी राहून चालवू लागली. ठोका पुन्हा आला. म्हणजे सीटच्या स्प्रिंगाही निर्दोष ठरल्या. जुन्या सायकलींत निम्म्याहून अधिक कुरकुर सीटखालूनच येते आणि दोष बिचाऱ्या साखळीला दिला जातो, असे आबा नेहमी म्हणत.

आता मोजण्याचे काम आले. तिने पुढच्या दातेरी चाकाचे दाते मोजले. ते 44 भरले. मागच्या फ्रीव्हीलचे 18 होते. 44 ला 18 ने भागले की 2.44 येतात. पायडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. साखळीच्या कड्या 110 होत्या. पायडलाच्या एका फेऱ्यात 44 कड्या पुढे सरकतात. तेव्हा साखळीची पूर्ण फेरी होण्यास पायडलाचे अडीच फेरे लागतात.

“म्हणजे बघ,” आबा म्हणाले, “एखादी कडी गंजून आखडली असेल, तर ठोका पायडलाच्या दर अडीच फेऱ्यांनी येईल. चाकात खोड असेल, तर एका फेऱ्यात दोन-अडीच वेळा येईल. आणि पायडलाच्या दर फेऱ्याला नेमका एकदाच आला, तर?”

“तर तो पायडलाजवळच असणार!”

तिने पुन्हा फेरी मारली आणि मोठ्याने मोजले. दर फेऱ्याला एक ठोका होता, आणि तोही डावा पाय पुढे येऊन खाली दाबला जाताना. वहीत तिने ते जसेच्या तसे लिहिले.

इतक्यात विमानतळावरून उडालेले एक विमान घरावरून गेले, आणि त्याच्या घरघरीत क्षणभर बोलणे थांबले. विमान दूर गेल्यावर आबा हसून म्हणाले, “ज्यांनी हे पहिल्यांदा उडवले, तेही सायकली दुरुस्त करणारेच होते.” हे खरे आहे. अमेरिकेतील डेटन गावी राईट बंधूंनी 1892 मध्ये सायकलींचे दुकान काढले होते. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे यंत्र आकाशात उडाले, तेव्हा इंजिनाची शक्ती पंख्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी साखळ्याच वापरल्या होत्या. आपल्याकडेही असे उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांच्या उद्योगाचा आरंभ 1888 साली बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केले, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. योगायोग असा, की त्याच 1888 साली डनलॉप यांनी सायकलीच्या हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची सायकल हाडे खिळखिळी करी. तिच्या आवाजाचे नवल कोणाला वाटले असते!

आता डाव्या बाजूचा शोध सुरू झाला. मुलीने प्रथम पायडल हाताने फिरवून पाहिले. ते सहज फिरत होते. आबांनी तिला एक जुनी खूण सांगितली. लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या भागावर टेकवावे आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावावी. आतील आवाज स्पष्ट ऐकू येतो. कारखान्यात ते याच रीतीने यंत्राची तब्येत ओळखत. मुलीने पेचकस क्रँकच्या आसावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने सावकाश पायडल फिरवले. आतील छर्रे घोळल्याचा मऊ आवाज आला. छर्रे कोरडे वा फुटलेले असते, तर तेथे घरघर ऐकू आली असती.

मग आबांनी शेवटची परीक्षा सांगितली. दोन्ही क्रँक आडव्या ठेवावयाच्या, मागचा ब्रेक घट्ट धरावयाचा आणि पुढे आलेल्या पायडलावर हाताने जोर द्यावयाचा. मुलीने तसे केले. डावी क्रँक आसावर किंचित हलली आणि ‘टक्’ असा तोच ठोका ऐकू आला. चोर सापडला!

जुन्या धाटणीच्या सायकलीत क्रँक आणि तिचा आस यांना एक पोलादी पिन जखडून ठेवते. तिला कॉटर पिन म्हणतात. तिची एक बाजू उतरती, पाचरीसारखी असते. आसाला एक सपाट खाच असते. पाचर त्या खाचेवर दाबून बसते आणि पलीकडे नटाने आवळली जाते. नट सैल झाला की पाचर ढिली होते. मग प्रत्येक दाबाबरोबर क्रँक अर्धा केस हलते आणि ठोका देते. हा आवाज केवळ कानाला त्रास देणारा नसतो. पिन झिजत जाते, क्रँकचे भोकही लांबोळे होते आणि शेवटी नवी क्रँक घ्यावी लागते. त्याहून वाईट म्हणजे, हमरस्त्यावर मालमोटारी शेजारून जात असताना पिन निखळली, तर जोर देणारा पाय एकाएकी निसटतो आणि चालवणारा खाली कोसळतो. वडिलांनी हे ऐकले, तेव्हा ते ओसरीवर येऊन खाली बसले.

“माझ्याही कानावर रोज येत होता तो ठोका,” ते हळूच म्हणाले. “मी नुसता वैतागत होतो.”

पिन काढण्यास घाई करून चालत नाही. नट पूर्ण काढून हातोडी मारली, तर पिनचे आटे चेपतात. म्हणून मुलीने नट पिनच्या टोकाबरोबर येईपर्यंतच सैल केला. वडिलांनी क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा करून आधार दिला. आधार नसला की हातोडीचा सगळा मार आतील छर्‍यांवर बसतो. दोन-तीन नेमक्या घावांत पिन सुटली. तिच्या उतरत्या बाजूवर खोल खळगा पडलेला होता. आबांनी तो बोटाने चाचपला आणि पिन बराच वेळ तळहातावर धरून ठेवली.

मुलगी जुनी पिन घेऊन दुकानात गेली आणि तशीच नवी घेऊन आली. डाव्या आणि उजव्या पिनांची तोंडे परस्परविरुद्ध ठेवावयाची असतात. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ते पाहून तिने पिन बसवली, हातोडीने ठोकली आणि नट आवळला. आबांनी तिला लगेच एक फेरी मारून येण्यास सांगितले, आणि परत आल्यावर पुन्हा ठोकून नट आवळावयास लावला. पहिल्या भाराखाली पाचर थोडी अधिक आत जाते आणि नट ढिला पडतो. हे न कळल्यामुळे अनेकांची दुरुस्ती आठ दिवसही टिकत नाही.

राहिलेली कामे किरकोळ होती. मडगार्डच्या दांडीचा बोल्ट आवळताच ‘खडखड’ गेली. साखळी डिझेलात भिजवलेल्या चिंधीने पुसली; ते करताना जवळपास विस्तव नसल्याची वडिलांनी खात्री करून घेतली. मग प्रत्येक कडीवर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि वरचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घेतले. खाण्याचे तेल हवेत राहून चिकट होते, म्हणून ते यंत्राला उपयोगी नाही. तेल लागते ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये. कोरडी पृष्ठे एकमेकांना धरतात व सोडतात, पुन्हा धरतात व सोडतात. हे सेकंदात शेकडो वेळा घडले की ‘चूंचूं’ ऐकू येते. व्हायोलिनच्या तारेवरून गज फिरतो, तेव्हाही हेच घडते. फक्त तेथे तो आवाज हवाहवासा असतो. गाडीवान पूर्वी बैलगाडीबरोबर बांबूच्या नळकांड्यात वंगण बाळगीत, ते याचसाठी. ब्रेकच्या रबरांवर आणि रिमवर मात्र तेलाचा थेंबही पडू द्यावयाचा नसतो. तेथे घर्षण हाच तर आपला रक्षणकर्ता आहे.

आबांनी आणखी एक गोष्ट बजावली. चिमट्याला किंवा सांगाड्याच्या सांध्याला केसासारखी बारीक चीर दिसली, तर घरी हात लावावयाचा नाही. सायकल ढकलत थेट दुकानात न्यावयाची.

संध्याकाळी मुलीने सायकल पुन्हा रस्त्यावर काढली. पायडल मारताना फक्त टायरची सरसर ऐकू येत होती. उतारावर तिने पाय थांबवले, तेव्हा मागून ‘टिकटिक’ सुरू झाली. ती धावत परत आली.

“आबा, अजून एक आवाज राहिला आहे!”

आबांनी तो ऐकला आणि मान हलवली. “तो राहू दे. फ्रीव्हीलच्या आत बारीक खिट्ट्या असतात. पाय थांबले की त्या दात्यांवरून घसरत जातात. ती टिकटिक बंद पडली, तर मला सांग.”

रविवारी भंगारवाला गल्लीतून हाका देत गेला. वडिलांनी त्याला रद्दी आणि एक फुटका डबा दिला.

सोमवारी शाळेच्या वाटेवर मुलीच्या कानी ‘खुळखुळ’ असा एक नवा आवाज पडला. तिने पाय थांबवले. आवाज चालूच होता. सपाट रस्त्यावर तो बंद होई आणि खड्ड्यात चाक गेले की पुन्हा येई. ती खाली उतरली, घंटी हलवून पाहिली, चेनकव्हर दाबून पाहिले, मग कॅरिअरवरचे दप्तर हाताने उचलले. त्या रात्री तिच्या वहीत शेवटची नोंद अशी होती : “आवाज – खुळखुळ. केव्हा – फक्त खड्ड्यात. कारण – कंपासपेटी. उपाय – आत रुमाल घातला.”