प्राणांतिक अपघात आणि चालकाचा बचाव

अपघातात मनुष्य दगावला म्हणजे चालक अपराधी ठरलाच, ही समजूत गावोगाव आढळते. कायदा तसे मानीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षे होती. मात्र चालकाचा बेदरकारपणा किंवा हयगय सरकार पक्षाने सिद्ध करावी लागते. ‘गाडी भरधाव होती’ एवढी साक्ष पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच म्हटले आहे. निर्दोष चालकाची खरी भिस्त घटनास्थळाच्या पंचनाम्यावर असते. ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी, वळण, उजेड यांची नोंद त्यात नसेल, तर पुढे निष्णात वकिलालाही ती उणीव भरून काढणे अवघड जाते. पंच म्हणून सही करणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांनी मोजमाप डोळ्यांदेखत करवून घ्यावे. अटकेतील चालकास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.